शंभरपट वाजणारी घंटी

सावली गावचे निवृत्त विज्ञानशिक्षक खुशाल मास्तर यांनी एक छोटासा निर्णय घेतला : पत्नीच्या उशाशी विजेची घंटी बसवायची.

गिरजाबाई धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावरून घसरल्या, खुबा मोडला आणि चार महिने खाटेवरच होत्या. आजारपणात आवाजही खोल गेला. मागच्या आठवड्यात त्यांनी पाणी मागितले; मास्तर बाहेरच्या छपरीत वर्तमानपत्र वाचत राहिले. त्या एकट्याच उठायला गेल्या आणि पुन्हा पडल्या. ‘आता पडल्या तर चालणे विसरा,’ असे चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बजावले. तेव्हापासून मास्तरांना अन्न गोड लागेना.

बाजारातली घंटी वीस मिनिटांत बसली असती. (पण तिच्यात सोडवायला उदाहरण नव्हते.) शिवाय गिरजाबाईंच्या बोटांत बटण दाबण्याइतका जोर नाही, असे मास्तरांनी स्वतःला पटवले आणि इवलासा प्रवाह कैकपट वाढवणारा ट्रान्झिस्टर आणला. वहीत समास आखून मांडले : दोन उघड्या तारांवर बोट ठेवले, की बेसमध्ये, म्हणजे आत जाणाऱ्या टोकाला, नव्वद मायक्रोअँपिअर. गेन, म्हणजे वाढ, शंभरपट. म्हणून कलेक्टरमध्ये, म्हणजे घंटीकडच्या टोकाला, नऊ मिलिअँपिअर. घंटीला पाच पुरेत. उत्तराखाली दोन रेघा ओढून त्यांनी स्वतःचे बोट ठेवले. घंटी कर्कश वाजली.

गिरजाबाईंनी बोट ठेवले. घंटी गप्प.

“नीट ठेव ना वो.”

“ठेवून तं राह्यली जी.”

“मंग वाजत काऊन नाई? गणित बरोबर हाये.”

“मंग गणितालेच निजवा इथी.”

मास्तरांनी ट्रान्झिस्टर बदलला, तारा घासल्या, सेल बदलला. घंटी ढिम्म.

“बत्तीस वर्सं हेच शिकवलं म्या! चूक तुह्याच बोटात हाये!”

गिरजाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी बोटाने ते पुसले आणि मुकाट्याने तेच बोट पुन्हा तारांवर ठेवले. घंटी अशी किंचाळली, की शेजारच्या नीलाबाई धावत आल्या.

मास्तरांनी घाईने मीटर लावला. कोरड्या बोटाचे जेमतेम पाच मायक्रोअँपिअर, ओल्याचे शंभराच्या वर. पाचाची शंभरपट करूनही अर्धाच मिलिअँपिअर भरत होता. वहीतले नव्वद मास्तरांच्या स्वतःच्या घामेजल्या बोटाचे होते.

“सापडलं!” ते हर्षाने ओरडले. “बोट तेवढं ओलं पायजे!”

“म्हंजे तुमाले बोलवाले पयले रडा लागन?”

मास्तर वरमले. “तसं नाई वो... उशाशी पाण्याची वाटी ठेवतो मी.”

“राहू द्या जी,” पदराने डोळे टिपत गिरजाबाई म्हणाल्या. “चाळीस वर्सांची सवय हाये.”