चुन्याची चादर

सावंतकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, लिटमस कागदाच्या पट्ट्या असतात. कुणाकडे चहा आला की आधी निळी पट्टी कपात बुडते. "ॲसिडिक आहे. पण चालेल," म्हणून काका चहा पितात. आमच्या लालबागच्या चाळीत अशा पाहुण्याला दुसऱ्यांदा सहसा कुणी बोलवत नाही.

काका एका कारखान्यात स्क्रबरवर होते. स्क्रबर म्हणजे चिमणीआधीची धुराची मोरी. तिथे धुरातला सल्फर डायऑक्साइड चुन्याच्या पाण्याने धुऊन काढायचा, मगच धूर वर सोडायचा. काका निवृत्त झाले, पण "धुतल्याशिवाय सोडायचा नाही" हा नियम उदबत्तीला आणि मिरच्या भाजणाऱ्या शिंदेकाकूंनाही लागू राहिला.

काकी गेल्या त्या वर्षापासून, गणपतीत फटाके सुरू झाले की काका चादर काढतात. पानवाल्याकडचा चुना बादलीत कालवून त्यात ती भिजवतात आणि आपल्या दारावर टांगतात. मग थोड्या थोड्या वेळाने तिला लाल पट्टी लावायची. निळी झाली तर चुना जिवंत, लालच राहिली तर पुन्हा बादली.

गेल्या वर्षी चादर नेमकी आरतीला निघालेल्या शिंदेकाकूंच्या पैठणीवर ठिबकली. "अहो सावंत, एकटे राहता तुम्ही. एवढा धूर धुवायचा तरी कुणासाठी?" काकू म्हणाल्या. काकांनी चादर उतरवली आणि आत नेली.

यंदा चादर निघणार नाही, असं मी धरून चालले होते. तिचा थोडा फायदा शेजारच्या आमच्या दारालाही व्हायचा. मला दमा आहे. घरच्यांशिवाय कुणाला ते माहीत नाही. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे चाळ मला इंग्रजी शाळेतली शिष्ट मुलगी समजते, आणि मला ते सोयीचं पडतं.

गणपती आणायच्या दिवशी फटाक्यांची पहिली माळ लागली. मी दार लावायला गेले, तर समोर पांढरी ओली भिंत. चादर आमच्या दारावर होती. काका स्टुलावर उभे राहून कोपरा बांधत होते. खाली ठिबकायला परात ठेवली होती.

"काका, हे कशाला?"

"मधली भिंत पातळ आहे गो. तुझा पंप ऐकू येतो." त्यांनी गाठ आवळली. "हिचाही असाच वाजायचा. दोनदा फुस्स. जन्मभर कारखान्याचा धूर धुतला. घरी चादर लावायचं सुचलं, तेव्हा ती नव्हती."

त्यांनी लाल पट्टी लावली. निळी झाली.

मी आपणहून कुणाला घरात बोलवत नाही. "चहा टाकते, आत या," म्हटलं.

काका आत आले. कप हातात घेतल्यावर त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला, तिथे जरा थांबला आणि रिकामाच परत आला.

"साखर कमी आहे," घोट घेऊन ते म्हणाले.