अकरा ओल्या मूर्ती आणि काशीबाई

"खोलीची हवा मला नका शिकवू, डॉक्टर! बेचाळीस पावसाळे गणपती सुकवतोय मी. एकाच्या तरी सोंडेला तडा गेलेला दाखवा!"

हिरामण म्हात्रे हे छाती पुढे काढून म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. पेणमध्ये मूर्तींचे कारखाने पुष्कळ, पण ऐन आषाढात शाडूची मूर्ती सुकवावी ती हिरामणांनीच. त्यांचा कारखाना म्हणजे घरामागच्या दोन खोल्या. एकीत मूर्ती घडायची, दुसरीत सुकायची. मूर्ती वरून लवकर सुकली आणि आत ओली राहिली की तडकते. म्हणून सुकवायच्या खोलीत खिडकी बंद, पंखा बंद, आणि वर दोनशे वॅटचे चार बल्ब. वाऱ्याला मज्जाव! हिरामण रोज सकाळी आत जाऊन हाताची पालथी बाजू प्रत्येक मूर्तीच्या पाठीला लावत, बोटाच्या पेराने टकटक करून कान देत आणि मान हलवत बाहेर येत.

पण या वेळी सुकवायची होती त्यांची बायको. म्हणजे हिरामणांना तसं वाटत होतं.

काशीबाईंना न्यूमोनिया झाला होता. नऊ दिवस दवाखान्यात काढून त्या घरी आल्या, त्या निम्म्या होऊनच. डॉक्टरांनी बजावलं होतं, "खोली फार गरम नको, फार गार नको, ओलसर तर मुळीच नको. हवा खेळती ठेवा." यातलं 'ओलसर नको' एवढंच हिरामणांच्या कानात राहिलं. बाकीचं त्यांनी दवाखान्याच्या पायरीवरच सोडलं.

गुरुवारी रोह्याहून त्यांची मुलगी नम्रता आली आणि तिने आईच्या उशाशी काडेपेटीएवढं एक यंत्र ठेवलं.

"बाबा, वरचा आकडा खोली किती गरम हाय त्याचा, खालचा हवा किती दमट हाय त्याचा. वरचा अठ्ठावीसच्या आत पायजे, खालचा सत्तरच्या आत."

"आता किती हाय?"

"एकोणतीस. आणि खाली अठ्ठ्याऐंशी!"

"पाऊस हाय गो! पावसात हवा दमट नाय तर काय कोरडी असंल?"

"म्हणूनच म्हणते, आईला रोह्याला नेते. आमच्याकडं एसी हाय."

"तुझी आय तिच्या घरात बरी व्हईल!"

"रविवारपर्यंत बघते. रविवारी आकडे असेच दिसले तर तिला घेऊन जाणार. मग बोलू नका."

काशीबाई भिंतीकडे तोंड करून खोकल्या. त्यांना काय हवंय, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही.

लेक गेली आणि हिरामण कामाला लागले. बेचाळीस वर्षांचा संसार एका काडेपेटीएवढ्या यंत्राने मोडायचा म्हणजे काय! त्यांनी खिडकी लावली. फटीत चिंध्या कोंबल्या. पंखा बंद केला. सुकवायच्या खोलीतले चारही बल्ब काढून काशीबाईंच्या डोक्यावर टांगले. तासाभरात खालचा आकडा एकाहत्तरवर आला.

"बघ गो, बघ! उतरला!"

वरचा पस्तीसवर गेला होता. तिकडे त्यांनी पाहिलंच नाही.

आता बघा, मातीला पस्तीसाचं काही वाटत नाही. माणसाचं तसं नसतं. आपलं अंग बसल्या जागी, निजल्या जागी, आतून सारखी ऊब तयार करत असतं. ती बाहेर टाकायला त्याला घाम लागतो, आणि घाम वाळायला वारा लागतो. वारा कोंडला की घाम नुसताच वाहतो, थंडावा काही देत नाही. काशीबाई शाळा चौथीतच सुटलेल्या, पण हे त्यांना अंगानेच कळलं.

"अवो, जीव घाबरतोय माझा. पंखा लावा."

"पयल्या दिवशी असंच वाटतं."

"कुणाला वाटतं? मूर्तीला?"

हिरामणांनी हाताची पालथी बाजू काशीबाईंच्या पाठीला लावून पाहिली आणि म्हणाले, "अजून ओल हाय."

शुक्रवारी दुसरं संकट आलं. बल्ब इकडे आल्यामुळे मागच्या खोलीतल्या मूर्ती अंधारात भिजल्या कणकेसारख्या बसल्या होत्या. त्यातल्या अकरा पुढच्या आठवड्यात रंगाला जायच्या होत्या. हिरामणांनी विचार केला: जिथे बल्ब, तिथे मूर्ती! एकेक उचलून त्यांनी अकराही गणपती काशीबाईंच्या खाटेभोवती गोल मांडले. खाटेवरून उतरायला वाट उरली नाही. डोळे न आखलेले अकरा गणपती काशीबाईंकडे बघत होते, काशीबाई त्यांच्याकडे.

"मला मोरीत जायचं असंल तर?"

"मला हाक मार. मी गजमुख बाजूला घेईन, तू निघ."

संध्याकाळी खालचा आकडा त्र्याण्णव! हिरामणांनी यंत्र हलवलं. पुसलं. पालथं करून आपटलं. चौऱ्याण्णव! शाडूच्या एकेका मूर्तीच्या पोटात तांब्या-दोन तांबे पाणी असतं. ती सुकते म्हणजे ते पाणी काही नाहीसं होत नाही, ते खोलीतल्या हवेत येतं. रिकाम्या खोलीत याचा हिशोब हिरामणांना कधी ठेवावा लागला नव्हता, कारण तिथे श्वास घ्यायला कोणी नसायचं. इथे होतं. आणि त्याचा खोकला वाढला होता.

"यंत्राला दमट हवा बाधली," हिरामणांनी निदान केलं आणि ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. तासाभराने काढलं. सत्तावीस आणि एकसष्ट!

"बरं झालं! यंत्र बरं झालं!" ते ओरडले.

"मग मला बी डब्यात घाला," काशीबाई म्हणाल्या.

यंत्र रविवारपर्यंत डब्यातच ठेवायचं ठरलं. लेकीसमोर काढायचं, दाखवायचं, विषय संपला. आपण काही खोटं करतोय असं हिरामणांना वाटलंच नाही. आकडा तर यंत्रानेच दाखवला होता!

शनिवारी सकाळी बल्बला सर्वांत जवळच्या मूर्तीच्या पोटाला तडा गेला. बेचाळीस पावसाळ्यांतला पहिला. हिरामण खाली बसले आणि त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. बल्बचा उजेड डोळ्यांत जातो म्हणून काशीबाईंनी तोंडावर ओला पंचा ओढून घेतला होता आणि रात्रभर डोळा न लागल्यामुळे आता कुठे त्या निपचित पडल्या होत्या. नेमक्या याच वेळी शेजारच्या धोंडुबाई आजाऱ्याला पेज घेऊन दारात आल्या.

त्यांनी काय पाहिलं? तोंड झाकलेली काशीबाई. भोवती अकरा गणपती. आणि डोकं धरून बसलेला नवरा.

पेज खाली पडली. "काशे! गेलीस गोऽ मला टाकून!"

धोंडुबाईंचा आवाज असा, की हायवेवरून मुंबईकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांनीही ब्रेक लावले असतील. अर्धी आळी धावली. धोंडुबाईंच्या हरेशने आत न डोकावताच रोह्याला फोन लावला. बारा-पंधरा माणसं खोलीत शिरली, मूर्तींना पाय लागू नये म्हणून भिंतीला चिकटून उभी राहिली आणि रडू लागली. खोली भट्टीसारखी तापली. प्रत्येक माणूस म्हणजे एक चालता बल्बच असतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार?

पंचा हलला.

"कोण मेलं गो?" काशीबाईंनी विचारलं.

धोंडुबाई हुंदका अर्धाच गिळून म्हणाल्या, "तू!"

"अजून नाय," काशीबाई म्हणाल्या. "पण दार सोडा. वारा येऊ द्या, नायतर तुझं बोलणं खोटं नाय पडणार."

दीड तासाने नम्रता आली. रडून डोळे सुजलेले, पायात दोन वेगळ्या चपला. आईला खाटेवर बसलेलं पाहून ती उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "यंत्र कुठाय?"

हिरामणांनी डब्यातून काढून दिलं. त्याला तांदळाचे चार दाणे चिकटले होते. सगळ्यांच्या देखत आकडे चढू लागले. एकतीस. तेहतीस. खाली सत्तर, ऐंशी, नव्वद. हिरामण जमिनीकडे बघत राहिले.

नम्रता भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती आईजवळ गेली आणि हिरामणांनी तीन दिवसांत जे विचारलं नव्हतं ते तिने विचारलं, "आई, तुला काय पायजे?"

काशीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग दाराकडे.

"नीज पायजे गो," त्या म्हणाल्या.

लेकीबरोबर गेल्या त्या. हिरामणांनी पिशवी रिक्षात ठेवली आणि "गणपतीला ये" असं म्हणाले, जणू पाहुणीलाच बोलवावं.

सोमवारी काशीबाईंचा फोन आला. "अवो, हा एसी सतरावर हाय! जावई शिफ्टवरनं तापून येतात आणि बटन दाबतात. माझं नाक गोठलं! माझी गोधडी पाठवा."

हिरामणांना एवढा आनंद झाला, की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता! त्यांनी गोधडी बगलेत मारली, मूर्तींना कुलूप घातलं आणि एसटी पकडली. नागोठण्यापर्यंत त्यांचं भाषण पाठ झालं. 'तिथं खिडकी उघडतो. बल्ब काढले. मूर्ती मागं नेल्या. डॉक्टर बोलला तसंच सगळं करतो. चल घरी.' कोलाडला चहासाठी गाडी थांबली तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा पुटपुटून पाहिलं.

नम्रताने दार उघडलं. जावई जितेश कामाला गेला होता. तिने एसी सव्वीसवर ठेवला होता, खिडकी बोटभर उघडी. काशीबाईंनी गोधडी घेतली, हनुवटीपर्यंत ओढली, "आलात व्हय?" एवढं म्हणाल्या, आणि हिरामण घसा साफ करेपर्यंत झोपल्या.

ते खुर्ची ओढून बसले. आता उठेल, मग बोलू. एक वाजला. दोन वाजले. काशीबाईंचा श्वास संथ चालला होता. खोकला एकदाही नाही. हिरामणांचा हात सवयीने पुढे झाला, पालथा, तिच्या पाठीकडे. त्यांनी तो परत घेतला.

चार वाजता नम्रता हळूच म्हणाली, "उठवू का तिला? गाडी हाय तुमची."

"नको गो," हिरामण म्हणाले. "निजू दे."

पेणच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण जेवलोच नाही! आणि हे ऐकून आपल्याला ओरडणारं घरात कोणी नाही.