महादूदादाचा सराव

आमच्या शेजारचा महादूदादा कुठलंही काम आधी खोटं खोटं केल्याशिवाय खरं करत नाही. लावणीच्या आधी बैल रिकाम्या खाचरातून फिरवून आणतो. पुतण्याच्या लग्नात त्यानं आदल्या दिवशीच वरात काढली होती. नवरदेवाच्या जागी मला चालवलं आणि चाल जमत नाही म्हणून सगळ्या पाड्यादेखत परत पाठवलं. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सराव पायजे." दादा स्वतः बिनलग्नाचा. त्याचाच सराव तेवढा राहून गेला, असं पाड्यावर म्हणतात.

मी पिठाची गिरणी चालवतो. गिरणीचा आवाज थांबला की मी त्याला रिकामा दिसतो, त्यामुळे त्याच्या बहुतेक सरावांत माझी वर्णी लागते.

त्याची आई म्हणजे आमची बायजामावशी. आजार हाडात पोचला तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला घरी पाठवलं. मावशीनं दारातच सांगून टाकलं, "आता मला तठं नेयाचा नाय. मराचा त अठंच."

अशा शेवटच्या आजाऱ्यांना घरी येऊन बघणारी एक सिस्टर मोखाड्याहून यायची. गिरणीपाशी स्कूटी लावायची आणि पुढे बांधावरून चालत जायची. तिनं दुखण्याचं औषध दिलं आणि कूस कशी बदलायची ते समजावलं. थोड्या थोड्या वेळानं, खालच्या चादरीसकट, न ओढता. पाठीला जखमा होऊन चिघळल्या तर मात्र दवाखान्यात न्यावंच लागेल, असंही ती म्हणाली. एवढं ऐकलं आणि दादा कामाला लागला.

पडवीत दुसरी खाट आली. तिच्यावर दादा स्वतः पेशंट होऊन पडला. पालटायला त्याची बहीण यमी, चुलतभाऊ लक्ष्मण आणि मी. मावशी मूठभर झाली होती, पण दादा म्हणजे भाताचं पोतं. पेशंट आधी कण्हायचा, मग कण्हणं थांबवून चुका सांगायचा आणि पुन्हा कण्हायला लागायचा.

"पेशंटचा हात खाली रायला," असं पेशंटच म्हणायचा.

मावशीला भेटायला येणाऱ्यांचीही सुटका नव्हती. आधी चादरीचं टोक धरायचं, मग आत जायचं. वांगणीहून तिचे एक म्हातारे भाऊ केळी घेऊन आले, त्यांना दादानं तसंच कामाला लावलं. वाकताना त्यांची कंबर आखडली. दादानं लगेच त्यांनाच खाटेवर घेतलं आणि आमच्याकडून पालटून घेतलं. केळी तोपर्यंत पोरांनी खाल्ली.

मावशी आतून उघड्या दारातून हे सगळं बघायची आणि हसायची. "माझा पोऱ्या माझ्यापरीस बेस कण्हतो," म्हणायची.

सिस्टरनं आमचं काम बघितलं, आता जमतंय, सराव पुरे, असं सांगितलं. तरी दादाचा सराव थांबेना. मावशीला आम्ही झोपेतसुद्धा पालटलं असतं, पण रोज दुपारी दादाची हाक यायचीच. मला खरोखर राग यायला लागला. गिऱ्हाइकाची दळायला आलेली नागली तशीच ठेवून धडधाकट माणसाला कुशीवर वळवायचं, त्याच्या गुडघ्यांमध्ये गोधडीची वळकटी सरकवायची, पाठीला तेल लावायचं. आणि हा डोळे मिटून पडलेला, संपवायची काही घाई नाही.

शेवटी तो शेतावर गेलेला बघून मी मावशीकडे गाऱ्हाणं नेलं. तूच त्याला आवर, म्हटलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"ल्हान होता तव्हा मी त्याला कुशीत घेयाची," ती म्हणाली. "त्यामागून त्याला मायेनं कोनी हात लावला नाय. करा रं त्याचा सराव. मी गेले का कोन करील?"

त्या दुपारी दादाची हाक यायच्या आधीच मी पडवीत जाऊन बसलो.

मावशी गेली ती घरातच, कुशीवर, यमीचा हात हातात असताना. बायका तिला आत अंघोळ घालत होत्या. दादा दाराआड उभा होता. त्यानं एवढंच विचारलं, "पाठ बेस हाय ना?"

"बेस हाय. कुठं जखम नाय," आतून यमी म्हणाली. तेव्हा तो रडला. या गोष्टीचा त्याला काहीच सराव नव्हता आणि ते बघताना आम्हालाही रडू आवरलं नाही.

दिवसकार्य झालं, यमी सासरी गेली. एका दुपारी दादा गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. फिरत्या पट्ट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सराव मोडला तर हात विसरतील."

एरवी मी त्याला चिडवल्याशिवाय सोडलं नसतं. त्या दिवशी दळण अर्धवट असताना गिरणी बंद केली आणि लक्ष्मणाला हाक मारली. दादा खाटेवर आडवा झाला. आम्ही त्याला चादरीसकट सावकाश कुशीवर घेतलं, गुडघ्यांमध्ये वळकटी ठेवली. माझे हात पिठानं भरले होते, ते पुसून मी त्याच्या पाठीला तेल लावायला बसलो. त्यानं एकही चूक काढली नाही. थोड्या वेळानं त्याचा श्वास संथ झाला. लक्ष्मण खुणेनं म्हणाला, झोपला, चल आता. मी मानेनंच नाही म्हटलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिलो.