सॅकरिनच्या पुरणपोळ्या

पुरणपोळ्या खायला घालून मी एका माणसाचा पाय घालवला. नातवंडांना वाटतं, आजी थापा मारते. पण विशीतली मी मॅट्रिक पास होते, आणि मॅट्रिक पास बाईला कुणाला काही विचारायची गरज पडत नसते.

श्रीगोंद्याकडे एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. शेजारी तात्या, एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. रोज सकाळी ते ओट्यावर स्पिरिटचा दिवा पेटवत आणि काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात स्वतःची लघवी घालून उकळत. निळं राहिलं तर लघवीत साखर नाही. हिरवं, पिवळं होत विटकरी झालं की फार. मग नळी उन्हात धरून साऱ्या चाळीला निकाल ऐकवत, "आज हिरवं हाय! चालतंय!" बायका नाकाला पदर लावून आत पळत.

कारखान्यात ते पॅनवर, म्हणजे साखरेचा पाक शिजवायच्या मोठ्या भांड्यावर होते. उकळत्या पाकातला दाणा काचेवर घेऊन बघायचा आणि नेमक्या वेळी पॅन सोडायचा. सोयरीक असो की बाजारातली म्हैस, त्यांचं एकच, "आदी दाना बघा." तीस वर्षं साखर केली, आणि आता चहातही चिमूटभर नाही. तरी म्हणत, "पॅनपुढं हुबा हाय तवर जित्ता हाय."

आमच्या ह्यांनी नगरहून त्यांना सॅकरिनच्या गोळ्या आणून दिल्या. डॉक्टर म्हणाले, चहात घाला, यानं साखर वाढत नाही. एवढं ऐकून माझी अक्कल धावली. गूळच नाही, तर पुरणपोळीला काय धोका? गोळ्या कुटून पुरणात घातल्या. आठवड्यातून तीनदा, चार-चार पोळ्या, वर तुपाची धार. मी समोर बसायची. "लई ब्येस," म्हणत तात्या ताट चाटूनपुसून संपवत.

नळी पिवळी झाली. मी ठणकावलं, "तात्या, तुमचं औषधच शिळं झालंय!" मग विटकरी. त्यातच पाक उडून पायाचं बोट भाजलं. ते भरेना, चिघळलं, काळं पडलं. नगरला घोट्याच्या वरून पाय कापला.

डॉक्टर मला म्हणाले, "बाई, गोळीनं साखर वाढली नाही. पण डाळीची आणि कणकेची पोटात गेल्यावर साखरच होते ना?" मॅट्रिकला हे नव्हतं.

खाटेपाशी बसून मी रडले. म्हटलं, "तात्या, पॅन सुटला तुमचा माझ्यापायी. त्या गोळ्यांनी पोळी कडूसुद्धा लागली असेल, एकदा तरी नको म्हणायचं होतं!"

तात्यांनी पाय नव्हता तिथवर चादर ओढून घेतली.

"समदं ठावं हुतं, सूनबाई. पोळी-भाताचं डाक्टरनं पयल्याच दिशी सांगितलं हुतं मला. पन माझं जेवान हुईस्तवर कुनी समोर बसून ऱ्हातंय, आसं तुजी काकू गेल्यापास्नं झालं न्हवतं."