सात बोलकी कारंजी

शनिवारच्या वाचनाला पंधरा माणसं आली नाहीत, तर पुढच्या महिन्यापासून ती खोली गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या क्लबला जाईल, असं अमेरिकेतल्या अर्विंगच्या लायब्ररीतल्या बाईंनी मंगळवारी सकाळी फोनवर फार गोड आवाजात सांगितलं. नीलांबरीने तितक्याच गोड आवाजात "नो प्रॉब्लेम" म्हणून फोन ठेवला आणि मटकन सोफ्यावर बसली. कारण मागच्या महिन्यात तिच्या वाचनाला मोजून तीन माणसं आली होती. त्यातला एक तिचा नवरा अनीश. दुसरे गृहस्थ पासपोर्टचा फॉर्म मागायला चुकून आत शिरले होते आणि भिडेखातर बसून राहिले. तिसरी बाई झोपली होती.

नागपुरात नीलांबरी कॉलेजात शिकवायची. इथे अनीशच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे नोकरी करायची सोय नाही. दोन वर्षं ती सगळ्यांसाठी 'अनीशची मिसेस' होती. महिन्यातला तो एक तास तेवढा तिचा स्वतःचा होता, आणि तो गेला असता तर ती खरंच रडली असती.

वेड तिला एकाच प्रकारच्या पुस्तकांचं. स्वेटर विणणारे ड्रॅगन, चहाचं दुकान चालवणारे उंदीर, रुसून बसणारे जिने. असलं काही सापडलं, की ती मराठी मंडळाच्या ईमेल ग्रुपवर लगेच शिफारस टाकायची. गराज सेलमध्ये मांजराच्या आकाराची किटली मिळाली, तर तीही कळवायची. उत्तर कुणाचं म्हणून यायचं नाही. त्याच ग्रुपवर प्रेशर कुकरची रिंग कुठे मिळते या प्रश्नाला मात्र एकेचाळीस उत्तरं आली होती!

या खेपेचं पुस्तक तर तिचा जीव की प्राण. एका गावात सात कारंजी असतात आणि ती बोलतात. इंग्रजी पुस्तक तिने स्वतः रोज दुपारी बसून मराठीत उतरवलं होतं. तिने मेल टाकला : शनिवारी तीन वाजता, लायब्ररीत, 'सात बोलकी कारंजी', सर्वांनी यावे.

आता ही गोष्ट २००४ सालची. कॉम्प्युटरवर मराठी उमटवणं सोपं नव्हतं, म्हणून समस्त मंडळ मराठी लिहायचं ते इंग्रजी अक्षरांत. नीलांबरीने लिहिलं, के ए आर ए एन जे आय.

दहा मिनिटांत पहिलं उत्तर आलं. पाठवणारे त्र्यंबककाका. पुण्याच्या छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासून निवृत्त झालेले आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. त्यांनी सगळ्या ग्रुपला विचारलं होतं, "ओल्या नारळाची की सुक्या खोबऱ्याची?"

मग धरणच फुटलं. "आम्ही चौघं येतोय." "बोलकी म्हणजे खुसखुशीत ना? चावली की आवाज करते ती?" "सातच का? माणशी सात?" "तीन वर्षं झाली करंजी खाऊन. नीलांबरी, यू आर ग्रेट यार!"

"अगं बाप्पा!" नीलांबरी ओरडली. "अनीश, हे बघ. हे लोक करंज्या समजले!"

अनीशने मेल वाचला आणि तो पोट धरून हसत सुटला. "डबल ए टाकायचा ना!"

"हसू नकोस. खुलासा करते."

तिने तावातावाने दुसरा मेल लिहिला, "करंजी नव्हे, कारंजी!" घाईत डबल ए पुन्हा राहिला. तेव्हा लोकांनी वाचलं ते "करंजी नव्हे, करंजी!" उत्तरं आली, "कळलं, कळलं. डबा आणू का?"

तिसऱ्या मेलमध्ये तिने शहाणपणा करून सरळ लिहिलं, "करंजी म्हणजे फाउंटन!" त्यावर एकनाथ देशमुखांनी कळवलं, "करंजीबरोबर कोल्ड्रिंकचं फाउंटनपण? मंडळाची प्रगती आहे. आम्ही सहा जण."

बुधवारपर्यंत आकडा त्रेचाळीसवर गेला.

"कॅन्सल कर," अनीश म्हणाला.

"कॅन्सल केलं तर खोली गेली."

"मग सांग, की फक्त पुस्तक आहे."

"मग कोण येईल? तू आणि पासपोर्टवाले?"

नीलांबरीने कंबर कसली. गंमत अशी, की तिला करंजी येत नव्हती. आईला फोन केला, तर आईने "मऊसर भिजव, बेताचं मोहन घाल" असं सांगितलं. मऊसर म्हणजे किती आणि बेताचं म्हणजे किती, हे काही सांगितलं नाही. शुक्रवारी दोघांनी मिळून पन्नास करंज्या केल्या. पहिल्या वीस तेलात पडताच तोंड उघडून मोकळ्या झाल्या.

"बोलक्या झाल्या बघ," अनीश म्हणाला, आणि लाटणं येताना बघून बाजूला सरकला.

शनिवारी पावणेतीनला खोली भरली. नटूनथटून आलेल्या बायका, हातात रिकामे डबे घेतलेले काका, मागे खुर्च्या ओढणारी मुलं. नीलांबरी तीन मोठे डबे घेऊन दारात आली, तर लायब्ररीच्या बाई आडव्या.

"सॉरी, डिअर. नो फूड इनसाइड."

डबे काउंटरमागे गेले. त्रेचाळीस भुकेली तोंडं तिच्याकडे बघत होती. आता ही मंडळी उठली, तर सगळंच संपलं.

"करंज्या आहेत," ती चाचरत म्हणाली. "पण वाचन संपल्यावर. बाहेर, पार्किंगमध्ये."

"हे काय बाबा?" देशमुख कुरकुरले. "वाचन किती वेळ आहे?"

"सात कारंजी आहेत," नीलांबरी म्हणाली आणि घाईघाईने वाचायलाच लागली.

पहिलं कारंजं फक्त तक्रारी करायचं. देशमुखांच्या मिसेस नवऱ्याकडे बघून खुदकन हसल्या. दुसरं प्रत्येकाला चुकीचा रस्ता सांगायचं आणि वर ठाम असायचं. तिसरं दिवसाला एकच वाक्य बोलायचं, त्यामुळे भांडण पूर्ण करायला त्याला महिना लागायचा. आता खोली खळखळून हसत होती. चौथं कारंजं अचानक मुकं झालं आणि एक लहान मुलगी त्याच्या काठावर बसून त्याला रोज स्वतःचं नाव सांगू लागली, तेव्हा कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही.

तेवढ्यात लायब्ररीच्या बाई आल्या. "टाइम्स अप, फोक्स."

"बट व्हॉट डिड द फोर्थ वन से?" सात वर्षांची इशिता जवळजवळ किंचाळली.

"अहो, पाच मिनिटं द्या हो!" देशमुख बाईंना चक्क मराठीत म्हणाले. "करंज्या कुठे पळून चालल्यात?"

बाईंना शब्द कळला नाही, पण भाव कळला. त्यांनी डोकी मोजली, दोनदा मोजली. मग नीलांबरीला म्हणाल्या, की गोधडीवाल्या बायकांसाठी दुसरी वेळ बघू. आणि पुढच्या महिन्यापासून मोठा हॉल.

पार्किंगमध्ये करंज्यांचा फडशा पडला. त्या वातड होत्या, पण वाद चालला होता तो चौथं कारंजं काय म्हणेल याचा. नीलांबरीला कुणी 'अनीशची मिसेस' म्हटलं नाही, आणि ती आनंदाने नुसती इकडून तिकडे फिरत होती. त्र्यंबककाकांसमोर आल्यावर मात्र तिने कान पकडले.

"सॉरी काका. माझ्या स्पेलिंगमुळे तुमचा गैरसमज झाला."

"माझा?" काकांनी चष्मा खाली सरकवला. "अगं, चाळीस वर्षं प्रुफं तपासली मी. एकच असली तर करंजी, सात असल्या तर करंज्या. सात करंजी असं कुठलं मराठी? पहिल्याच नजरेत कळलं, की कारंजी आहेत."

नीलांबरीने कान सोडले. "मग तुम्ही ओल्या नारळाचं का विचारलंत?"

"कारंज्यांसाठी कोण आलं असतं? तू, मी आणि तुझा नवरा." काकांनी करंजीचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "मला पुस्तक ऐकायचं होतं गं. मुलगा-सून ऑफिसला गेले, की दिवसभर भिंतीशी बोलतो मी. पुढच्या महिन्याला उरलेल्या कारंज्यांबरोबर नवं काय वाचतेस?"

"ठरलं नाही अजून. ढगांचं गाव, नाहीतर उंदरांचं चहाचं दुकान."

"छे, छे. एखादा जादूचा वाडा बघ."

"वाडाच का?"

"इंग्रजीत लिहून बघ."

नीलांबरीने हवेत बोटाने अक्षरं काढली. व्ही, ए, डी, ए. मग तिने कपाळावर हात मारला.

"काका, शंभर वडे तळावे लागतील!"

"बटाटे मी सोलतो," काका म्हणाले. "मेल मात्र आजच टाक."