बँकेच्या लेखी मेव्हिस म्हणजे रेडिओ

"बँकेला असा पुसून काढतो की पलीकडचं दिसेल!" नॉर्मन शॉरॉकने इंग्लंडातल्या लँकशर परगण्यात, डार्वेनच्या बोलिंग क्लबात भरल्या ग्लासाच्या साक्षीने जाहीर केलं. चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्या पुसलेला माणूस. त्याला दुसरी भाषा सुचणार कुठून?

प्रकरण साधं होतं. पंधरा वर्षांपूर्वी नॉर्मनने व्हॅनसाठी कर्ज काढलं. बँकेने फोनवरच कर्जाच्या शेपटीला विमा बांधला. नोकरी सुटली तर हप्ते विमा भरणार! आता नॉर्मनला नोकरी होती कुठे? स्वतःची शिडी, स्वतःची बादली, मालकही तोच आणि गडीही तोच. त्याला काढून टाकणार कोण? माशाला छत्री विकावी तसा हा धंदा! देशभर लाखो माशांनी ती मुकाट्याने घेतली होती. मग बोंबाबोंब झाली, आणि पैसे परत मागा म्हणून सरकारी फर्मान निघालं. पण मुदतीत मागा! म्हणजे चोरी त्यांची आणि घाई आपल्याला.

नॉर्मनने अर्ज ठोकला. आठ आठवड्यांनी बँकेचं जाडजूड पाकीट आलं. आत नकाराचं पत्र आणि पुरावा म्हणून त्या जुन्या फोनची सीडी.

पत्रातला तिसरा परिच्छेद असा होता: "संभाषणाच्या वेळी मागून एका स्त्रीने विम्यास हरकत घेतल्याचे ऐकू येते. परंतु तो रेडिओ असल्याचे ग्राहकाने स्वतः सांगितले. रेडिओच्या सल्ल्याची दखल घेणे आमच्या प्रतिनिधीवर बंधनकारक नव्हते."

नॉर्मनने पत्र दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरातल्या सीडी-प्लेअरवरची धूळ पुसली आणि बटण दाबलं.

"नोकरी सुटली तरी हप्त्यांची काळजी नको बघा, मिस्टर शॉरॉक!" बँकेचा पोरगा गुळात घोळून बोलत होता.

आणि मागून कडाडली त्याची बायको, मेव्हिस!

"नोकरी? कसली नोकरी? स्वतःची शिडी आहे म्हणावं! तुला कोण काढणार कामावरून, ती शिडी?"

"मागे कुणी बोलतंय का?"

"छे छे! रेडिओ आहे," असं म्हणणारा नॉर्मनच होता.

"बरं. मग घालू ना विमा?"

"नाही म्हण! नॉर्मन, नाही म्हण!"

"घाला," नॉर्मन म्हणाला.

"बस आता! आणि तुझा चहा गार झालाय!"

खट्. संपलं.

मेव्हिसला जाऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत त्या स्वयंपाकघरात किटलीच्या शिटीशिवाय कुणी नॉर्मनवर ओरडलं नव्हतं.

रेडिओ का म्हणाला तो? अहो, लँकशरचा माणूस! घराला आग लागली तरी परक्याला सांगेल, "जरा उकडतंय, बाकी छान." बायको आपल्याला झापते आहे, हे बँकेच्या पोराला कळू द्यायचं? त्यापेक्षा विमा परवडला!

त्याने बँकेवर संतापायला हवं होतं. पण त्याने पुन्हा बटण दाबलं. जेवताना एकदा दाबलं, भांडी घासताना दोनदा. मग सकाळच्या चहाबरोबर एकदा, असा नेमच पडला.

आता डार्वेनमधल्या त्या रांगेतल्या घरांच्या भिंती म्हणजे बिस्किटं. पलीकडे मिसेस हिंडल. तिला बाईचा आवाज आला, शब्द काही कळले नाहीत. पण शब्दांवाचून तिचं कधी अडलंय? सोमवारी तिने ऐकलं, मंगळवारी न्हाविणीकडे केस सेट करताना सांगितलं, "नॉर्मनने बाई ठेवलीय! रोज त्याला फैलावर घेते, आणि हा चकार शब्द काढत नाही!" बुधवारपर्यंत बाईला दोन मुलं झाली होती. गुरुवारी ती बाई शेजारच्या, डार्वेनशी कधीच न पटलेल्या ब्लॅकबर्नची निघाली, म्हणजे कहरच!

शुक्रवारी दार धडधडलं. दारात विनी, मेव्हिसची थोरली बहीण. मेव्हिसच्या मयताच्या जेवणात हॅमचे सँडविच कमी पडले, त्या दिवसापासून तिने या घराची पायरी चढली नव्हती.

"कुठाय ती?"

"कोण?"

"ब्लॅकबर्नची! लाज वाटते का रे? माझ्या बहिणीच्या खुर्चीत बसवलीस?" विनी छत्री परजत आत घुसली. तिने न्हाणीघर पाहिलं, जिन्याखालचं कपाट उघडलं. आतली शिडी तिच्या अंगावर आली, तर तिने शिडीलाच दटावलं, "तू गप्प!"

नॉर्मनने बटण दाबलं.

"नोकरी? कसली नोकरी?"

विनीने छत्री खाली टेकवली. मग मेव्हिसची खुर्ची ओढून ती हळूच बसली. शेवटचं खट् झालं तेव्हा दोघं टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत होती.

"आमची मेव्हिस," विनी म्हणाली.

"हो."

"परत लाव."

त्याने परत लावलं. आणि मग विनी कडाडली, "गाढवा! माझ्या बहिणीला रेडिओ म्हणालास?"

"विनी, आता बँकही तेच म्हणतेय. लेखी! बँकांच्या लोकपालाकडे तक्रार घेऊन जाता येतं, पण तो विचारणार, आवाज बायकोचा कशावरून? आणि मला लिहून द्यावं लागेल की मी खोटं बोललो."

"मग दे की! खोटं बोलताना लाजला नाहीस, लिहिताना लाजतोस?"

"पैसे गेले खड्ड्यात, विनी. पण कुठल्याशा तळघरात, फायलीत, आपली मेव्हिस कायमची रेडिओ म्हणून पडून राहणार. ते काही मला चालत नाही."

विनीने हात पुढे केला. "पेन आण. चालणारं आण, तुझ्यासारखं नको."

तिने लिहिलं: "हा आवाज माझ्या बहिणीचा आहे. मी तो साठ वर्षं ऐकला. रेडिओ बंद करता येतो."

खाली नॉर्मनने लिहिलं: "ती माझी बायको होती. ती बरोबर बोलत होती. मी खोटं बोललो." तीन वाक्यांना त्याला दीड तास लागला. लग्नाच्या बत्तीस वर्षांत यातलं मधलं वाक्य त्याने एकदाही उच्चारलं नव्हतं!

विनी निघाली तेव्हा तो दारापर्यंत गेला. "पुढच्या शुक्रवारी येशील? बटाटा भरलेला बटर पाय आणतो."

"कशाला? रेडिओ ऐकायला?" म्हणत विनी बसथांब्याकडे गेली. आली मात्र नाही. नॉर्मनने दोघांपुरता बटर पाय आणला आणि दोन दिवस एकट्याने खाल्ला.

सात महिने गेले. लोकपालाचा निकाल आला: आवाज पत्नीचाच, बँकेच्या माणसाला तो स्पष्ट ऐकू गेला होता, धंदा कसला हे त्याने विचारायला हवं होतं, बँकेने पैसे परत करावेत. मेव्हिस जिंकली! नॉर्मनने क्लबात फलकावर निकाल लावला. लोक म्हणाले, "वा, शाब्बास," आणि बोलिंगला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा ओतून सीडी लावतो न लावतो तोच फोन वाजला. एका हातात किटली, दुसऱ्या हातात फोन. सीडी बंद करायचं बटण राहून गेलं.

"मिस्टर शॉरॉक? आपल्या बँकेतून कर्स्टी बोलतेय. हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. आपले पैसे आज जमा होतील, झाल्या गैरसोयीबद्दल—"

"नोकरी? कसली नोकरी?" मागून गडगडाट झाला.

"मागे कुणी बोलतंय का?"

कर्स्टीच्या या प्रश्नावर नॉर्मनने तोंड उघडलं. 'रे' अगदी जिभेच्या टोकावर होता. त्याने तो गिळला.

"माझी बायको," तो ताठ उभा राहून म्हणाला. "मेव्हिस."

"अरे वा!" कर्स्टीच्या उत्साहात सीडीवरचं मधलं बोलणं बुडून गेलं. "मग दोघांसाठीच एक छान योजना आहे. बॉयलर बिघडला, नळ फुटला, तर सगळं आम्ही बघू. घालू ना?"

बघा! चोरीचा माल परत करायला आलेली ही माणसं, जाता जाता छत्री उचलतात!

"नाही म्हण! नॉर्मन, नाही म्हण!"

आणि नॉर्मनने आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं ऐकलं. छाती फुगवून म्हणाला, "नाही!"

तेवढ्यात मागून त्याच्याच पंधरा वर्षांपूर्वीच्या गळ्यातून उत्तर आलं, "घाला."

"घातली!" कर्स्टी आनंदाने म्हणाली.

"अहो, नाही! तो मी नाही!"

"पण आवाज आपलाच आहे, मिस्टर शॉरॉक."

"तो... तो..." नॉर्मनने सगळीकडे बघितलं. "तो रेडिओ आहे!"

पलीकडे कळफलकाची टकटक. "रेडिओ... बरं. आणि मिसेस शॉरॉक? त्या खऱ्या आहेत ना?"

"बस आता!" मेव्हिस म्हणाली. "आणि तुझा चहा गार झालाय!"

खट्.

"हो," नॉर्मन म्हणाला, "त्या खऱ्या आहेत."

फोन ठेवून त्याने कप उचलला. चहा खरंच गार झाला होता. तो तसाच प्यायला, आणि बटण दाबलं.