मंदाबाईंचा पेला

मंदाबाई आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा त्यांनी कप उचलला, नाकाशी नेला आणि घोटही न घेता खाली ठेवला. माझ्या सुनेला म्हणाल्या, "ताई, कपाला साबण आहे."

"म्हंजी धुतलेला हाय," मी म्हणालो.

"धुतलाय, आबा. विसळला नाही."

आमच्या वडगाव रासाईत माझ्या घराच्या भांड्यांना नावं ठेवणारं माणूस तोवर झालं नव्हतं. सून आत जाऊन ताटल्या आपटायला लागली. ही बाई मीच पुढच्या खोलीत भाडेकरू म्हणून आणून ठेवली होती, त्यामुळं बोलताही येईना.

मंदाबाई गावातल्या दूध केंद्रात तपासणीला होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, एकट्या. पिशवीत कायम रुमालात गुंडाळलेला स्वतःचा स्टीलचा पेला. लग्नाला गेल्या तरी पेला, हळदीकुंकवाला गेल्या तरी पेला. सरपंचांच्या घरच्या जेवणात त्यांनी आचाऱ्याकडं कढत पाणी मागितलं आणि वाढायच्या पळ्या पंगतीसमोर विसळून काढल्या. गावानं त्यांना विसळबाई नाव ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं, तर म्हणाल्या, "बरोबरच आहे की."

आणि एक वाक्य सारखं तोंडात. "फेस गेला म्हणजे साबण गेला, असं नसतं, आबा."

मी चौथीतनं शाळा सोडली, पण न समजलेली गोष्ट सोडत नाही. ओट्यावर बसवून त्यांना विचारलं, की साबणानं तुमचं घोडं मारलंय काय. त्यांनी सांगितलं ते असं. गाय आजारी पडली की आपण औषध टोचतो, ते दुधात उतरतं. ते शोधायला त्यांच्याकडं मणी असतात, पिठाहून बारीक. प्रत्येक मण्याला जणू हात. दूध चांगलं असलं तर ते हात एक चमकणारी वस्तू धरतात आणि मशिनीला उजेड दिसतो. दुधात औषध असलं तर हात औषधानंच भरतात, चमक धरायला मोकळे राहत नाहीत. उजेड नाही म्हणजे औषध आहे.

"आन् साबण?"

"साबणानं हात निसटतात. काहीच धरवत नाही. तेव्हाही उजेड नाही. मशीन म्हणतं औषध."

"म्हंजी मशीन येडं हाय."

"मशीन सांगतं तेवढंच सांगतं. येडेपणा आपला. गंमत म्हणजे मणी ज्या पाण्यात ठेवतात, त्यात चिमूटभर साबण घातलेलाच असतो. नाहीतर मणी एकमेकांनाच चिकटून बसतात."

"मग चिमटीची ओंजळ झाली की बिघडलं."

"आबा, तुम्ही शिकायला हवं होतं," त्या म्हणाल्या. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं.

पुढं एका सकाळी केंद्रावर माझ्याच दुधात औषध निघालं. माझी कॅन सगळ्यांच्या देखत गटारात ओतली. दुसऱ्या दिवशी तेच. माझ्या गोठ्यात त्या दिवसांत सुईसुद्धा नव्हती. मी देवाची शपथ घेतली, गायीची घेतली. कैलास, माझ्या शेजारच्या शेताचा, किटल्यांच्या रांगेतनं म्हणाला, "आबा, गायी जिममधी घातल्यात का काय?" सगळे हसले. केंद्राच्या साहेबांनी सांगितलं, उद्या परत निघालं तर तुमचं दूध बंद आणि नाव बाहेरच्या फळ्यावर. फळ्यावर नाव म्हणजे भेसळवाल्यांच्या ओळीत. त्यापेक्षा गायी विकल्या असत्या.

उजाडायच्या आत मंदाबाई गोठ्यात उभ्या. हातात तो पेला. "ह्यात पिळा."

"पेला तुमचा हाय, बाई. त्यात तुम्ही कुणाला पाणी देत न्हाई."

"गाय सांगायची नाही कुणाला. पिळा."

केंद्रावर त्यांनी पेल्यातलं दूध तपासलं. स्वच्छ. तेच दूध केंद्रावरच्या माझ्या नावाच्या नमुन्याच्या बाटलीत ओतून तपासलं. औषध. मग त्यांनी कैलासचं दूध माझ्या बाटलीत ओतलं. कैलासच्या दुधातही औषध. कैलासचा चेहरा बघायला मी खुर्ची पुढं ओढली.

मंदाबाईंनी बाटली हुंगली आणि केंद्रावर बाटल्या धुणाऱ्या रामदीनला विचारलं, "यह बोतल कैसे धोते हो?"

रामदीन बिहारकडचा, खोटं न बोलणारा. हळूच म्हणाला, "नया वाला लाल साबुन, मैडम. बाबा सामने खड़े रहते हैं. बोलते हैं, और डाल, और डाल."

खरं होतं ते. माझी बाटली वेगळी असायची, त्यावर माझं नाव, आणि ती माझ्यासमोर फेस आणून धुवायची, हा माझा हुकूम होता. बाकीच्यांच्या बाटल्या नुसत्या पाण्यात बुचकळायचे. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. स्वच्छता मागितली, अफू मागितली नव्हती.

तेवढ्यात साहेब आले, मागं रांगेतली माणसं. साहेबांनी विचारलं, काय भानगड आहे. रामदीन माझ्याकडं बघत होता. मी छताकडं.

मंदाबाई म्हणाल्या, "चूक केंद्राच्या बाटलीची. विसळणं बघायचं काम माझं होतं. आबांच्या दुधात काही नाही."

"हे वर कळवावं लागेल. तुमच्या नावानं."

"कळवा."

फळा कोरा राहिला. मंदाबाईंची मात्र बदली झाली, दौंडच्या केंद्रावर.

निघायच्या दिवशी त्या ओट्यावर आल्या. मी विचारलं, "माझं नाव का न्हाई घेतलं?"

"तुम्हाला फळा सोसला नसता, आबा."

"आन् तुम्हाला बदली सोसती व्हय?"

"मला काय. खोली तिथंही एकच."

मी विचारलं, "बाई, हे विसळायचं खूळ लागलं कुठनं?"

"घरात धुवायला एकच पेला असला की विसळायला वेळच वेळ असतो."

सुनेनं चहा आणला. मंदाबाईंनी पिशवीतनं पेला काढला, चहा प्याल्या, स्वतः उठून कढत पाण्यानं विसळला. रुमाल घडी करून पिशवीत टाकला आणि पेला आमच्या फळीवर पालथा ठेवला.

"आवं, पेला राहिला."

"राहू द्या इथंच. मी येत जाईन."

"दौंडात कशात पिणार?"

"घेईन दुसरा."

सुट्टीच्या दिवशी त्या एसटीनं येतात. फळीवरच्या त्या पेल्याला साबण लावायचा नाही असं मी सुनेला बजावलंय. आता चहा दिला की मंदाबाई पेला नाकाशी नेत नाहीत, सरळ तोंडाला लावतात.

त्या यायच्या आधी मीच हुंगून ठेवलेला असतो.